बंगळुरूत बिऱ्हाड

पीएचडीला निवड झाल्याचं कळतं साधारण जूनमध्ये, आणि रुजू व्हायचं असतं ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या सहा-सात आठवड्यांत आई चिवडा, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मागे लागते, वडील ओळखीत कोणी बंगळुरूला आहे का याची चौकशी करत फिरतात. ज्याला जायचं असतं त्याच्या डोक्यात एकच हिशेब असतो: नेट झाली, मुलाखत झाली, आता तिकडे पोचायचं आणि कामाला लागायचं. या हिशेबात काय राहून जातं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

एमएस्सीची दोन वर्षं आपण मुक्काम म्हणून काढतो. पुस्तकं खोक्यात, कपडे बॅगेत, जेवण मेसमध्ये, आणि सुट्टी लागली की गाव. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. तेविसाव्या वर्षी आलेली मुलगी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी बाहेर पडते. तेवढ्या काळात घरी भावंडांची लग्नं होतात, आजी-आजोबांपैकी कोणी जातं, वडील निवृत्त होतात. इतकी वर्षं माणूस खोक्यातून पुस्तकं काढत जगू शकत नाही. मी मिरजेहून इथं आले तेव्हा पहिली दोन वर्षं तशीच काढली आणि ती फार जड गेली. जी माणसं पहिल्या सहा महिन्यांत बिऱ्हाड मांडतात, म्हणजे घर, भाषा, पैसे, माणसं आणि आठवड्यातला एक स्वतःचा अर्धा दिवस नीट लावून घेतात, त्यांचं कामही पुढे नीट चालतं. हे मी माझ्याभोवतीच्या पंधरा-वीस जणांत पाहिलं आहे.

निघण्यापूर्वी

आधी कागद. ओबीसी प्रवर्गातून निवड झाली असेल तर महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही, त्यामुळे आपल्या जातीचं नाव केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी पाहा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं लागतं. जून-जुलैत तहसील कार्यालयात अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या प्रवेशांची गर्दी असते, तेव्हा निकालाची वाट न बघता अर्ज टाकून ठेवा. विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणि शेवटच्या सत्राची गुणपत्रिका वेळेत मिळत नाही, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. संस्था त्यासाठी मुदत देतात, पण ती लेखी मागून घ्या आणि आलेला ईमेल छापून फाइलीत ठेवा.

दुसरं, पैसे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधक फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर आढावा होऊन ती ४२,००० होते. छोट्या गावातल्या घरात हा आकडा मोठा वाटतो आणि तो आहेच. पण रुजू झाल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला तो खात्यात पडेल असं धरून चालू नका. रुजू झाल्याचा अहवाल, गाइडची सही, संस्थेचा शिक्का, बँकेची पडताळणी असा प्रवास करून पहिली रक्कम यायला तीन-चार महिने लागलेले मी अनेकांचे पाहिले आहेत. मग साठलेले पैसे एकदम येतात. मधल्या काळासाठी किमान तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. तो नसेल तर रुजू होण्याआधी संस्थेच्या कार्यालयाला स्पष्ट विचारा. काही ठिकाणी आगाऊ रक्कम मिळण्याची सोय असते. न विचारणाऱ्याला ती कोणी आपण होऊन सांगत नाही.

पैशांबद्दल घरातही बोलून निघावं. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले कमावते असतात. धाकट्याची फी, घराचा हप्ता, आजारपण, सगळ्यांच्या नजरा त्या ३७,००० कडे लागलेल्या असतात. दरमहा किती पाठवणार हे आधीच ठरवा, आणि पहिले सहा महिने काहीच पाठवता येणार नाही हे सांगायला कचरू नका. माझ्याबरोबर आलेला एक मुलगा पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवण्यासाठी रात्री शिकवण्या घ्यायचा आणि सकाळी लॅबमध्ये पेंगत असायचा. त्याच्या घरच्यांना हे कळलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी कधी मागितलेच नव्हते.

कुठे राहायचं

बंगळुरूतल्या संशोधन संस्था एकमेकींपासून लांब आहेत, आणि या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. भारतीय विज्ञान संस्था, म्हणजे आयआयएससी, मल्लेश्वरम आणि यशवंतपूरच्या मध्ये. बस कंडक्टरला आणि रिक्षावाल्याला अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हटलं की लगेच कळतं, कारण १९०९ साली ती जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून उभी राहिली. रामन संशोधन संस्था तिथून जवळ, मेखरी सर्कलकडे. जीवशास्त्राची संस्था एनसीबीएस कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात आणि जवाहरलाल नेहरू केंद्र जक्कूरला, म्हणजे दोन्ही उत्तरेला विमानतळाच्या वाटेवर. भारतीय खगोलभौतिकी संस्था पार दक्षिणेला कोरमंगलात. सैद्धान्तिक विज्ञानांची संस्था आयसीटीएस तर शहराबाहेर हेसरघट्टाच्या बाजूला. 'मावशी इंदिरानगरला राहते, तिच्याकडे राहशील' हा बेत घरच्यांना सोयीचा वाटतो, पण जीकेव्हीकेला रोज जाऊन-येऊन तीन तास जाणार असतील तर तो मोडीत काढा. पेशी रात्री अकराला बघाव्या लागतात, यंत्राची पाळी पहाटे पाचची मिळते. लॅबपासून चालत किंवा सायकलवर जाता येईल असंच राहा.

वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष डोळे मिटून तिथं काढा. खोली लहान असेल, मेसच्या सांबाराला महिनाभरात कंटाळाल, पण कोण कुठल्या लॅबमध्ये सुखी आहे आणि कोण नाही, हे तिथल्या जिन्यात कळतं. बाहेर घर घ्यायची वेळ आली तर बंगळुरूचे काही रिवाज माहीत हवेत. अनामत रकमेला इथं 'ॲडव्हान्स' म्हणतात आणि तो दहा महिन्यांच्या भाड्याइतका मागायची जुनी रीत आहे. तो कमी होतो, पण बोलावं लागतं, आणि विद्यार्थ्यांनी बोलायला लाजू नये. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात. ते करारात लिहिलं आहे का ते सही करण्याआधी वाचा. आत शिरल्या दिवशी भिंती, नळ, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

आणि पाण्याचं विचारा. घराचं भाडं विचारण्याआधी विचारलं तरी चालेल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, जवळ मोठी नदी नाही, कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून वर चढवतात. अनेक नव्या वस्त्यांत ते पोचत नाही. तिथं बोअरवेल आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा लोक बादल्या घेऊन रांगेत उभे होते. 'कावेरी कनेक्शन आहे का, आठवड्यातून किती दिवस येतं, टँकरचे पैसे कोण देतं' हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. मराठवाड्यातून आणि माणदेशातून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हवेबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळा आपल्याकडच्यापेक्षा सौम्य, पण पाऊस जूनमध्ये येऊन सप्टेंबरमध्ये जात नाही. मेमध्ये संध्याकाळी वळीव कोसळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमाचा पाऊस पुन्हा पडतो. छत्री दिवाळीपर्यंत पिशवीत राहू द्या.

कन्नड

लॅबमध्ये इंग्रजी चालतं, रस्त्यावर हिंदीने बरंचसं भागतं, मग कन्नड कशाला, असं पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच वाटतं. मला मनापासून सांगावंसं वाटतं की शिका. ज्या शहरात आपण सहा वर्षं राहणार, त्याच्या भाषेशी पाहुण्यासारखं वागू नये. पुण्या-मुंबईत येऊन दहा वर्षं मराठीचा एक शब्द न शिकणाऱ्यांबद्दल आपण काय बोलतो ते आठवा.

मराठी माणसाला ती अवघड नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे आपले शब्द तिकडूनच आले आहेत. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. ह्रस्व ए आणि ह्रस्व ओ एवढे दोन स्वर जास्त. लिपी रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत वाचता येते आणि मग बसवरच्या पाट्या, दुकानांची नावं वाचत प्रवास करण्यात मजा येते. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्लि' म्हणजे कुठे, 'बेकु' म्हणजे हवं, 'बेड' म्हणजे नको. भेटल्यावर 'ऊट आयता?' म्हणजे जेवण झालं का, असं विचारायची पद्धत आहे.

संशोधनाच्या दृष्टीनेही ही भाषा उपयोगी पडते, हे मला उशिरा कळलं. लॅब फक्त प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांवर चालत नाही. स्टोअरमधला माणूस, काचसामान धुणाऱ्या बाई, वर्कशॉपमधले तंत्रज्ञ, प्राणिगृहातले मदतनीस, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, यांच्या हातात तुमचा अर्धा प्रयोग असतो. वर्कशॉपमधल्या एका अण्णांनी माझ्या सूक्ष्मदर्शकासाठी ॲल्युमिनियमचा एक छोटा धारक एका दुपारीत घडवून दिला होता. बाहेरून मागवला असता तर सहा आठवडे गेले असते. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांना काय हवं ते समजावलं, त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि आमचं जमलं. त्यांना त्या कामाची बारकाईने माहिती होती, माझ्याहून जास्त.

गाइड

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. विषय निवडताना आपण महिनोन्महिने विचार करतो आणि गाइड निवडताना एक दुपार. खरं तर विषय दोनदा बदलला तरी पीएचडी होते. गाइड चुकला तर चांगला विषयही नकोसा होतो.

जीवशास्त्राच्या बऱ्याच संस्थांत पहिल्या वर्षी रोटेशन असतात, म्हणजे दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे महिने काम करून मग एक निवडायची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रात अनेक ठिकाणी ही संधी नसते किंवा कमी असते. तिथं प्रवेशाच्या वेळीच ठरवावं लागतं. काहीही असलं तरी आधी त्या गटाचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढून बसा. विषय कळला नाही तरी चालेल, नावं बघा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का? तेच नाव दोन-तीन पेपरांत पुढे येतं का, की प्रत्येक वेळी नवा विद्यार्थी आणि एकच पेपर? लॅब सोडून गेलेले विद्यार्थी आज कुठे आहेत?

मग माणसांशी बोला, एकेकट्याने. कॅन्टीनमध्ये सगळे बसलेले असताना कोणी खरं सांगणार नाही. लॅबमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला फोन केला तर तो मोकळेपणाने बोलतो. विचारायचं काय? 'सर चांगले आहेत का' याला काही अर्थ नाही. सगळे चांगलेच असतात. त्याऐवजी विचारा की लिहून दिलेला मसुदा किती दिवसांत परत येतो. आठवड्यातून भेट होते का महिन्यातून. प्रयोग फसला हे सांगितल्यावर काय होतं. गेल्या दहा वर्षांत किती जण पीएचडी अर्धवट सोडून गेले. घरी कोणी आजारी असताना सुट्टी मागितली तर कसं उत्तर मिळालं. या पाच प्रश्नांच्या उत्तरांतून माणूस कळतो. परिषदेतल्या भाषणावरून तो कळत नाही.

मोठं नाव असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाची लॅब घ्यायची का नुकत्याच रुजू झालेल्या तरुणाची? मला तरुण लॅबकडे थोडा कल दाखवावासा वाटतो. तिथं चार-पाचच विद्यार्थी असतात, गाइड स्वतः बाकावर येऊन पिपेट धरतो, चूक झाली तर शेजारी उभा राहून दाखवतो. उलट बाजूही सांगायला हवी. यंत्रं अजून खोक्यात असतात, अनुदानाची वाट बघण्यात वर्ष जातं, आणि गाइडला स्वतःच्या नोकरीत कायम व्हायचं असल्याने तोही ताणाखाली असतो. मोठ्या लॅबमध्ये सगळं तयार असतं, पण तिथं तुम्हाला शिकवणारा पोस्टडॉक कोण आहे यावर सगळं अवलंबून. तिथं गाइडइतकीच त्या पोस्टडॉकची चौकशी करा.

निवड चुकली असं पहिल्या वर्षातच वाटू लागलं तर विभागप्रमुखांशी किंवा तुमच्या सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याशी बोला. लॅब बदलता येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बदलली तर वेळ जातो, पण सहा वर्षं कुढण्यापेक्षा तो कमी जातो. आपल्याकडे 'आता घेतलंय तर निभावायचं' हा संस्कार फार खोल आहे. तो इथं कामाचा नाही.

पहिलं वर्ष

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीला गुणवत्ता यादीत पहिली आलेली एक मुलगी बंगळुरूला याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज घेऊन आली. कमला भागवत तिचं नाव, लग्नानंतर कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत तिची थोरली बहीण. तिचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन, आणि मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमला हटली नाही. शेवटी अटी घालून घेतलं: पहिलं वर्ष चाचणीचं, काम संचालकांना पटल्याशिवाय त्याला मान्यता नाही, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानंतर रामनना तिचं काम मान्य करावं लागलं, आणि त्यानंतर संस्थेची दारं मुलींना उघडली. तिथं तिने श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी मिळवली आणि परत येऊन नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं.

ही गोष्ट सोसण्याचा धडा म्हणून मी सांगत नाही. तिच्यावर अन्याय झाला होता आणि तो अन्यायच होता. आज अशा अटी कोणी तोंडी जरी घातल्या, 'मुली रात्री थांबत नाहीत म्हणून घेत नाही' असं म्हटलं, तरी संस्थेत अंतर्गत तक्रार समिती आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कक्ष असतो. हे कुठे आहेत, त्यात कोण आहे, ते पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला बसण्याची मनःस्थिती नसते.

पण कमलाबाईंचं पहिलं वर्ष मला आणखी एका कारणासाठी आठवतं. आपण सगळेच पहिल्या वर्षी मनातल्या मनात चाचणीवर असतो. शेजारचा आयसरमधून आलेला, पलीकडची दिल्लीची, दोघं न अडखळता इंग्रजी बोलतात, आणि मराठी माध्यमातून जिल्ह्याच्या कॉलेजात शिकून आलेल्याला वाटतं की निवड समितीकडून आपल्या बाबतीत काहीतरी चूक झाली. चूक झालेली नसते. मुलाखतीत तुम्ही उत्तरं दिली म्हणून तुम्ही आत आहात. इंग्रजीचं म्हणाल तर ते सरावाने येतं, आणि त्यासाठी भाषणाचे क्लास लावायची गरज नाही. लॅबच्या साप्ताहिक बैठकीला जाण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून न्या आणि तो वाचून का होईना, विचारा. दर आठवड्याला एक. तीन महिन्यांनी वही लागत नाही. रोज संध्याकाळी दिवसभर काय केलं ते इंग्रजीत पाच ओळींत लिहा. प्रबंध लिहिताना त्याचा किती उपयोग होतो ते तेव्हाच कळेल. विचार मात्र मराठीत करायचा असेल तर खुशाल करा. मी अजूनही आकडेमोड मराठीतच करते.

कामाच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत नवीन काही शोधायला धावू नका. लॅबमध्ये आधी झालेला, छापून आलेला एक प्रयोग स्वतःच्या हातांनी पुन्हा करून तोच निकाल येतो का ते बघा. बहुधा पहिल्यांदा येत नाही. का येत नाही हे शोधताना त्या लॅबची सगळी रीत शिकून होते: बफर कोणत्या पाण्यात बनवायचा, कुठलं यंत्र आधी अर्धा तास तापवायचं, कुठल्या कपाटातलं रसायन जुनं झालं आहे. सिद्धान्तावर काम करणाऱ्यांनी तेच एखाद्या जुन्या पेपरमधली गणितं ओळीने सोडवून करावं. वही बांधीव घ्या, पानांना क्रमांक घाला, रसायनाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांकसुद्धा लिहा, आणि फसलेला प्रयोग फाडू नका. चौथ्या वर्षी परीक्षकाच्या एका शंकेला मला दुसऱ्या वर्षीच्या एका फसलेल्या पानाने उत्तर दिलं.

लॅबच्या बाहेर

आठवड्यातला एक अर्धा दिवस लॅबचा नाही, असं ठरवून टाका आणि गाइडलाही सांगा. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर भाजी आणि फुलांच्या बाजारात हिंडा, लालबागेत ऑगस्ट आणि जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन बघा, आयसीटीएसच्या 'कापी विथ क्युरिऑसिटी' या सर्वांसाठीच्या व्याख्यानांना जा. आपल्या विषयाबाहेरचं काही ऐकलं की स्वतःच्या अडकलेल्या कामाकडे पुन्हा बघता येतं. जेवणाची आठवण आली तर उत्तर कर्नाटकी खानावळ शोधा. तिथली जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, सोबत शेंगाची चटणी आणि एण्णगाई, भरल्या वांग्याची सख्खी बहीण. सोलापूर-कोल्हापूरकडच्या माणसाला डोळे मिटले की घरी असल्यासारखं वाटेल. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीला, पाडव्याला जाऊन या. पण फक्त मराठी मुलांचाच गट धरून बसू नका. आपल्या पाडव्याच्याच दिवशी इथं उगादी असतो, कडुनिंब आणि गूळ ते 'बेवु-बेल्ला' म्हणून वाटतात. शेजारच्या घरून बोलावणं आलं तर जा.

आणि मन उदास राहायला लागलं, झोप उडाली, लॅबकडे पाय वळेनासे झाले, तर ते आळशीपणाचं लक्षण समजून स्वतःला कोसत बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असं फार जणांना होतं, हुशार मुलांनाही. संस्थेत समुपदेशक असतात, त्यांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं, आणि तिच्यामागे याच शहरातली निम्हान्स ही संस्था आहे. रूममेट तसा दिसला तर त्याला एकटं सोडू नका, बरोबर चालत जा.

राहता राहिलं घर. दिवाळीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि राणी चन्नम्मा, उद्यान या गाड्या लगेच भरतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जाण्याआधी एक काम करा: तुम्ही काय शोधता आहात ते एका पानावर मराठीत लिहा. सोपं वाटतं, पण मला तीन रविवार लागले. 'पेशीविभाजन नियंत्रण' असले शब्द चालणार नाहीत. आजीला वाचून दाखवायचं आहे. घरी गेल्यावर 'अजून किती वर्षं?', 'नोकरी कधी लागणार?' हे प्रश्न येतातच, आणि त्यांचा आपल्याला राग येतो, कारण आपण नक्की काय करतो हे घरच्यांना कधी सांगितलेलंच नसतं. ते पान वाचून दाखवलं की प्रश्न बदलतात. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा विचारलं होतं की पेशीला वाटणी करायची वेळ झाली हे कळतं कसं, आणि मी त्यांच्याशी तासभर बोलत बसले होते.

परतीच्या वेळी आई पुन्हा बरण्या भरेल. ज्वारीचं पीठ देऊ नको म्हणा, ते यशवंतपूरच्या बाजारात चांगलं मिळतं. मेतकूट मात्र घ्या, आणि जास्तच घ्या, कारण आता खोलीत खाणारे बरेच असतील.